पालथ्या होडीचा हिवाळा

१९ ऑक्टोबर

होडी आज पाण्याबाहेर काढली. रेमिसने ही वही आणून दिली आणि म्हणाला, होडीचं काय काय केलंस ते तारीख घालून लिहीत जा, म्हणजे मेमध्ये आलो की तुला विचारत बसायला नको. तर लिहिते.

शेजारच्या युर्गिसकाकांनी ट्रॅक्टर लावला. रेमिस तळाखाली ओंडके सरकवत होता, मी मागून ढकलत होते. मग दोघांनी मिळून तळाचं शेवाळ घासून काढलं. आजवर ती कोठारात असायची, पण कोठाराचं छप्पर उन्हाळ्यात खाली बसलं. सासऱ्यांनी होडी बांधल्याला आता एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत यंदा पहिल्यांदाच होडीला उघड्यावर हिवाळा काढावा लागणार.

२२ ऑक्टोबर

वाळली. पालथी घालून दोन लाकडी घोड्यांवर ठेवली, जमिनीपासून गुडघाभर उंच. रेमिसने सांगितलेलं असं: छपराच्या पागोळीखाली नको, तिथे बर्फ घसरून पडतं. ताडपत्री चारी बाजूंनी बांधायची, पण खालून वारा खेळता ठेवायचा. बर्फ साठलं की झाडून काढायचं, फावड्याने नाही, झाडूने. मोटर पडवीत, जुन्या रजईत गुंडाळून.

आई, म्हणजे रेमिसची आई, माझ्या सासूबाई, खिडकीतून बघत होत्या. मी आत आल्यावर म्हणाल्या, "तिला एवढं पांघरूण घालतोय. आपल्या घराची खिडकी तीन वर्षं वाजतेय, ती नाही दिसत त्याला."

रेमिसला सांगितलं नाही. जायला चार दिवस उरलेत, त्यात कशाला.

२६ ऑक्टोबर

रेमिस गेला. क्लायपेदाच्या बंदरातून रात्रीचं जहाज आणि मग पुढे नॉर्वेपर्यंत गाडी. मासे साफ करण्याच्या कारखान्यातला हा त्याचा तिसरा हिवाळा.

या वेळी सामान जास्त होतं. ड्रिलचं यंत्र नेलं, कारण तिकडे सगळं महाग. उन्हाळ्याचे शर्टही नेले. भिंतीवरचं त्याच्या वडिलांचं घड्याळ उतरवलं, म्हणाला तिकडे चांगला घड्याळजी आहे, दुरुस्त करून आणतो. चालत तर होतं ते. पण मागे पडायचं कधीकधी, हे खरं. आई खुर्चीत बसून बघत राहिल्या. एरवी त्यांच्या डब्यातला खिळा हलवला तरी विचारतात.

निघताना त्याने मला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. तीन वर्षांत असं केलं नव्हतं त्याने. मला बरं वाटलं.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. आईंना घेऊन कबरस्तानात मेणबत्त्या लावल्या. वारा होता, सासऱ्यांच्या कबरीवरची चारदा विझली. आई म्हणाल्या, "हट्टी होता, मेल्यावरही ऐकत नाही." मग त्या एकट्याच काहीतरी पुटपुटत उभ्या राहिल्या. मला थांबायचं की पुढे जायचं कळेना. मी पुढे गेले.

घरात दोघींचं बोलणं म्हणजे, सूप गरम आहे, दार लाव, गोळी घेतली का. सोळा वर्षं त्यांची सून आहे मी. मूल झालं नाही, ते त्यांनी कधी तोंडावर काढलं नाही. पण मायेचं असंही कधी काही बोलल्या नाहीत.

१५ नोव्हेंबर

रात्रभर वादळ. सकाळी ताडपत्रीचं एक टोक सुटून फडफडत होतं. बांधली. युर्गिसकाका कुंपणापाशी येऊन म्हणाले, "पोरी, तू तिला गुदमरून मारणार. कापड लाकडाला चिकटलं की आत घाम धरतो, आणि मग वसंतात बोट घालशील तिथे बोट जाईल." मग त्यांनीच मला जुन्या लाकडी पट्ट्या आडव्या ठोकून कापड वर कसं उचलायचं ते सांगितलं. स्वतः हात लावला नाही, पाठीचं ऑपरेशन होऊन दोनच आठवडे झालेत.

पट्ट्या ठोकताना होडीखाली शिरावं लागलं. आत कोरडं होतं. डांबराचा वास, आणि त्याखाली जुना माशांचा. बाहेर एवढा वारा, आणि आत तो दूर कुठेतरी वाहतोय असं वाटत होतं. काम झाल्यावरही मी थोडा वेळ बसून राहिले. किती वेळ ते लिहीत नाही. बाहेर आले तर आई विचारत होत्या, "काय शोधत होतीस?" म्हटलं, खिळा.

४ डिसेंबर

रेमिसचा फोन. एरवी तो हवा कशी आहे एवढंच विचारतो. आज अर्धा तास फक्त होडीबद्दल. तडे गेलेत का, फळ्या कुठे मऊ लागतात का. म्हणाला, ताडपत्री काढून सगळ्या बाजूंनी फोटो काढून पाठव, जवळून, सांध्यांचेसुद्धा. आणि मोटरचा नंबरही.

शाळेतून लवकर निघाले. तिथे मी साठ मुलांचा स्वयंपाक करते, बटाटे उरकल्यावर मदतनीस म्हणाली, जा तू, मी बघते. उजेड होता तोवर बावीस फोटो काढले. बोटं गारठली, पण प्रत्येक सांधा दिसेल असे काढले. किती आठवण येत असेल त्याला. जेवताना हे आईंना सांगितलं तर त्यांनी चमचा खाली ठेवला आणि मीठ मागितलं. मीठ त्यांच्या समोरच होतं.

२४ डिसेंबर

हे लिहावं की नाही. वही होडीची आहे. पण तो मेमध्ये येईल तेव्हा हे पान फाडता येईल.

दुपारपर्यंत नाताळच्या आदल्या रात्रीचे बाराही पदार्थ झाले. हेरिंग, बीट, मशरूमची वडी, खसखशीच्या दुधात भिजवायची बिस्किटं. टेबलावर गवत पसरून वर कापड घातलं. मी ताटं मांडली, एक आईंचं, एक माझं, एक सासऱ्यांचं मेणबत्तीसह आणि एक रेमिसचं. जे घरापासून लांब आहेत त्यांचंही मांडतात ना.

तेवढ्यात त्याचा फोन आला, आईंना. त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल. म्हणाल्या, सर्दी झाली. मग टेबलापाशी येऊन त्यांनी रेमिसचं ताट उचललं आणि कपाटात ठेवलं.

मी म्हटलं, "आई, ते असू द्या."

"जागा नाही."

"भरपूर जागा आहे."

"मला कोपर टेकायला लागतं," त्या म्हणाल्या.

मी ताट परत मांडलं. त्यांनी परत उचललं. सणाच्या दिवशी दोन म्हाताऱ्यांसारख्या आम्ही एका ताटावरून भांडलो, आणि त्यातली एक मी सत्तेचाळीसची. शेवटी मी सोडून दिलं. चर्चमधून आणलेली पवित्र पोळी मोडताना त्यांनी स्वतःच्या तुकड्यातला मोठा भाग मला दिला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वर्ष बरं जावो तुझं." 'आपलं' म्हणतात लोक.

त्याने मलाही फोन केला, नंतर. दोन मिनिटं. तिकडे मागे संगीत होतं. कारखान्यातल्यांची पार्टी असणार.

१२ जानेवारी

उणे बावीस. नदी गोठून आवाज करते, दिवसासुद्धा ऐकू येतं. होडीवर हातभर बर्फ. झाडूने काढलं, खालचा थर निघेना, तेव्हा कोमट पाण्याने न भिजवता तसाच ठेवला. काका म्हणाले, बर्फाचा थर उलट ऊब धरतो, फक्त वजन वाढू देऊ नकोस.

आईंचं काही कळत नाही. काल युर्गिसकाकांनी बर्फाला भोक पाडून धरलेले ते काकडीच्या वासाचे बारीक मासे आणून दिले. आईंनी तळले आणि मोठा वाटा माझ्या ताटात. सकाळी माझे बूट चुलीपाशी वाळत ठेवलेले असतात. मी ठेवत नाही. आणि मग जेवण झाल्यावर एकदम विचारतात, "तुझ्या बहिणीचं पानेवेझिसला घर केवढं आहे? खोल्या किती?"

दोन म्हटलं.

"दोन पुरे असतात," म्हणाल्या.

मला घालवायचं आहे का त्यांना? तेही असं, मासे खायला घालून?

३० जानेवारी

काही नाही. बर्फ. होडी ठीक. रेमिसला तीनदा फोन लावला.

८ फेब्रुवारी

दुपारी एक गाडी दारात थांबली. क्लायपेदाचा गृहस्थ, गिन्तौतास नावाचा, पन्नाशीचा, चांगल्या कोटातला. नम्रपणे म्हणाला, होडी बघायला आलोय. मी म्हटलं, कुठली? तो हसला आणि त्याने आपला फोन माझ्यासमोर धरला. माझे फोटो. तळाच्या डाव्या सांध्याच्या फोटोत कोपऱ्यात माझा अंगठा आलाय, तोही तसाच.

म्हणाला, तुमच्या नवऱ्याशी सगळं ठरलंय, एप्रिलमध्ये दरवर्षीच्या पुराचं पाणी उतरलं की गाडा घेऊन येतो, आज फक्त लाकूड बघून जातो. मी त्याला ताडपत्री सोडून दिली. का दिली, माहीत नाही. त्याने ठोकून बघितलं, टेप लावून मोजलं, आणि म्हणाला, "कुणीतरी फार काळजी घेतलीय हो हिची." माझंच कौतुक करत होता.

आई खिडकीत होत्या. बाहेर आल्या नाहीत.

९ फेब्रुवारी

रेमिसने शेवटी उचलला. मी होडीचंच विचारलं. तो म्हणाला, "झिता, आईने तुला काही सांगितलं नाही?"

"काय सांगायचं होतं?"

"मी मेमध्ये येत नाहीये. मी इथेच राहतोय. एकटा नाही राहत." मग तो म्हणाला, "तिला नाताळात सांगितलं होतं मी. म्हटलं, तू समोर आहेस, तू नीट सांगशील."

मी फोन ठेवला. स्वयंपाकघरात आई बटाटे सोलत होत्या. मी दारात उभी राहिले आणि त्यांना माझ्याकडे बघून कळलं. त्यांच्या हातातली सुरी थांबली नाही. मी तशीच वळून बाहेर गेले. बोलायला लागले असते तर काय काय निघालं असतं.

विचित्र आहे, पण राग त्याचा नाही येत. त्याचा येईल पुढे. आत्ता येतोय तो चुलीपाशी वाळत ठेवलेल्या बुटांचा.

१ मार्च

तीन आठवडे आम्ही बोललो नाही. गोळीचंसुद्धा नाही. त्या गोळीची रिकामी पाकिटं टेबलावर दिसतील अशी ठेवतात, म्हणजे मला कळावं, घेतली. बहिणीला फोन केला. ती म्हणाली, ये, शिवणयंत्र बाल्कनीत सरकवते, पलंग बसेल. म्हटलं, पाणी येऊन उतरलं की येते. मध्येच मी गेले तर या घरात अठ्ठ्याहत्तरची बाई पुरात एकटी. तेवढी वाईट नाही मी. की आहे?

होडीकडे बघायला जात नाही. बर्फ आपोआप घसरतंय.

१५ मार्च

सकाळी युर्गिसकाका कुंपणापाशी. नदीच्या वरच्या अंगाला बर्फ फुटलंय, दोन दिवसांत पाणी अंगणात येईल. पालथी होडी घोड्यांवरून उचलली जाईल, आणि बर्फाचे तुकडे तिला काडेपेटीसारखी चिरडतील. उताणी करून, वाळुंजाच्या मोठ्या झाडाला लांब दोराने बांधून ठेवायला हवी, म्हणजे पाण्याबरोबर वर चढेल. म्हणाले, "चार माणसांचं काम आहे. मी अर्धा. ते अर्धंसुद्धा डॉक्टर करू देत नाही." गावात बाकी कोण उरलंय, सगळे कुठे ना कुठे गेलेत.

मी म्हटलं, चिरडू दे. ती आता क्लायपेदाच्या माणसाची आहे.

मग मागून आईंचा आवाज आला. पाच आठवड्यांनी. "ती माझ्या नवऱ्याने बांधलीय. कोणाची आहे ते मी ठरवीन. दोर कुठे आहे?"

अंगात सासऱ्यांचा कोट, पायात रबरी बूट. आम्ही केलं ते. काकांनी कुंपणापलीकडून सांगितलं तसं. पहार घालून एक कड उचलायची, खाली ओंडका सारायचा, परत उचलायची. होडी कडेवर उभी झाली की तिच्या वरच्या कडेला बांधलेला दोर वाळुंजाच्या खोडाला दोन वेढे घालून धरायचा आणि हळूहळू सोडायचा, म्हणजे ती आपटत नाही. दोर आईंच्या हातात. मी होडीच्या खालच्या अंगाला, खांद्याने तोलत. त्यांच्या हातून दोर सुटला असता तर ती माझ्यावर आली असती. दोघींनाही माहीत होतं.

अर्धी कललेली असताना मी विचारलं. तेव्हाच का, माहीत नाही. कदाचित मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता म्हणून.

"मला सांगितलं का नाही?"

दोर करकरला. त्या म्हणाल्या, "तू गेली असतीस."

"गेले असते."

"म्हणून."

मी खांदा लावून उभी. तळाचं गार डांबर गालाला लागत होतं.

"तो गेला तर मी रडले, झिता," आई म्हणाल्या. "पण तो असताना कुठे होता इथे. तू जाशील म्हटल्यावर मला झोप येईना. तोंड उघडलं की तू जाणार, म्हणून उघडलं नाही. चुकलं माझं."

काका कुंपणापाशी दुसरीकडे तोंड करून उभे होते.

मी म्हटलं, "आता सोडा. हळू."

त्यांनी एक एक वीत दोर सोडला. होडी एवढी हलकी टेकली की खालचं बर्फ दबलंसुद्धा नाही. मग त्यांना हात उघडता येईनात. दोराने तळव्याची कातडी निघाली होती. मी बोटं एक एक करून सोडवली आणि घरात नेऊन मलम लावलं. मग विचारलं, गोळी घेतली का.

१९ मार्च

पाणी आलं. अंगण नाही, कुरण नाही, रस्ता नाही, सगळं एकच राखाडी. बर्फाचे तुकडे कुंपणावर आपटत गेले, काकांचं फाटक घेऊन गेले. होडी वाळुंजाशी वर चढली. पण हिवाळाभर वाळलेले सांधे उघडे, तासाभरात काठोकाठ भरली. काका म्हणाले, पिऊ दे तिला, चार दिवस, लाकूड फुगलं की आपणहून मिटेल.

२४ मार्च

मिटली. बादलीने उपसली. तळाशी ओल आहे, पण वाढत नाही.

३० मार्च

सकाळ-संध्याकाळ मोठा ट्रॅक्टर माणसं पलीकडे नेतो, पण तो आमच्या टोकाला येत नाही. म्हणून मी वल्हवत शाळेत जाते. कुरणावरून सरळ, तारांच्या खांबांच्या रांगेने, पाऊण तास. पहिल्या दिवशी हाताला फोड, चौथ्या दिवशी नाही. बटाट्याच्या रश्शाचा डबा घरी आणते, आई म्हणतात शाळेचं अन्न बेचव, आणि संपवतात.

२ एप्रिल

गिन्तौतासचा फोन घरच्या नंबरावर. आईंनी उचलला. मी बाजूला होते. त्याला म्हणाल्या, मोटर माझ्या मुलाची, ती घेऊन जा, त्याने स्वतःच्या पगारातून घेतलीय. होडी माझी. तो काहीतरी बोलला असणार, कारण त्या म्हणाल्या, "मग त्याच्याकडूनच मागा तुम्ही. मी पण मागतेय बऱ्याच गोष्टी." आणि ठेवला.

माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझी बहीण काय म्हणते?"

म्हटलं, पलंग लावलाय.

"बरं," म्हणाल्या. आणि बीट किसायला लागल्या. खोल्या किती ते या वेळी विचारलं नाही.

रात्री, म्हणजे जेवणानंतर, पहिल्यांदा रेमिससाठी रडले. थोडंच. सोळा वर्षांच्या मानाने थोडं.

७ एप्रिल

शाळेतून निघताना धुकं नव्हतं. अर्ध्या वाटेत आलं आणि खांब दिसेनासे झाले. मग पाणी आणि हवा यातलाही फरक कळेना. चार वल्ही मारली की वाटे, आपण फिरून मागेच चाललोय. एकदा लव्हाळ्यात घुसले, ती कुठली लव्हाळी ते ओळखू येईना. डाव्या हाताला नदीचा मुख्य प्रवाह, तिथे ओढली गेले तर खाडीपर्यंत थांबणं नाही. मी चाळीस वल्ही मोजली, मग मोजायची सोडली.

तेव्हा आवाज आला. टण, टण, टण. थांबून परत. दुधाच्या कॅनवर कुणीतरी डावाने मारत होतं, उजवीकडून, मला वाटत होतं त्याच्या अगदी उलट बाजूने. होडी वळवली. आवाज मोठा होत गेला. मध्ये खंड पडे, हात दुखत असणार, तळवे अजून पुरते भरलेले नाहीत. मग परत सुरू, आणखी जोरात, रागावल्यासारखा.

मी हाक देऊ शकले असते. तेवढी जवळ आले होते. दिली नाही. वल्ही पाण्याबाहेर धरून होडी तरंगू दिली आणि ऐकत बसले. एवढा वेळ, थकेपर्यंत, कुणी माझ्यासाठी कधी काही वाजवलं होतं असं आठवेना.

मग "आई" म्हणून हाक मारली. आवाज थांबला.

पायरीला लागले तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या होत्या, घोट्यापर्यंत पाण्यात, कॅन मांडीवर. म्हणाल्या, "सूप तीनदा गरम केलं." मी त्यांना धरून उठवलं. दाराची कडी दोघींनी मिळून काढली.

काका म्हणतात, पाणी उतरायला अजून पंधरा दिवस. बहिणीला फोन करून सांगितलं, पलंग काढ, बाल्कनीतलं शिवणयंत्र परत आत घे.